कलम अठरा आणि तालुक्याची औषधखिडकी

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. त्यातलं कलम १८ वाचताना एका उपकलमापाशी नजर अडते. कायदे एरवी मोघम बोलतात. 'योग्य ठिकाणी', 'शक्य तितक्या लवकर' हे त्यांचे आवडते शब्द. इथे मात्र ठिकाण नेमकं सांगितलंय. अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारांवरची औषधं सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात, प्रत्येक मनोरुग्णाला, केव्हाही, फुकट मिळाली पाहिजेत. सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे आपल्या बोलण्यातलं ग्रामीण रुग्णालय. अमरावती जिल्ह्यापुरतं बोलायचं तर अंजनगाव सुर्जीचं ग्रामीण रुग्णालय त्यात आलं, दर्यापूर-अचलपूरची उपजिल्हा रुग्णालयं आली, अमरावतीचं इर्विन रुग्णालय तर आलंच.

सरकारी मानसिक आरोग्य सेवा लोकांपर्यंत पोचावी म्हणून गेल्या काही दशकांत कायदे झाले, योजना निघाल्या, पॅकेजं आली, न्यायालयांनी कान उपटले. या सगळ्याचा आढावा दिल्लीतून किंवा मुंबईतून घेता येतो, तसा तो घेतलाही जातो. मला तो तालुक्याच्या औषधखिडकीसमोर उभं राहून घ्यायचा आहे. खिडकीतून गोळ्या मिळतात की नाही, महिन्यामागून महिना मिळत राहतात की नाही, एवढीच मोजपट्टी.

अंजनगाव सुर्जी म्हणजे पानमळ्यांचा, पानपिंपरीचा, केळी-संत्र्याचा मुलूख. वर सातपुडा, शहानूर धरणाचं पाणी. खाली दर्यापूरकडे उतरावं तसा खारपाणपट्टा सुरू होतो आणि शेती पावसाच्या भरवशावर येते. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो इथे. तेव्हा कागदावर काय ठरतं आणि पुढे जमिनीवर काय होतं, याचा या गावाचा अनुभव जुना आहे. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या दीड लाखाच्या पुढे होती. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात बारा राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता. तरी त्यातला ग्रामीण भागाचा आकडा, प्रौढांपैकी ६.९ टक्के, इथे लावून पाहिला तर तालुक्यातल्या साधारण लाखभर प्रौढांमध्ये सात हजारांच्या आसपास माणसं आज कुठल्या ना कुठल्या मानसिक आजारात आहेत. त्याच सर्वेक्षणानुसार आजार कोणता यावर अवलंबून ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. ही सात हजार माणसं आपल्याला रस्त्यावर दिसत नाहीत. ती घरात आहेत, वावरात आहेत. 'टेन्शन आहे त्याले', 'झोप नाही लागत', 'डोक्शावर परिणाम झाला' या तीन वाक्यांत त्यांचं निदान आटोपलेलं असतं.

आता कायद्याचा मागोवा, थोडक्यात. १८५८ चा कायदा वेड्यांच्या इस्पितळांचा होता. १९१२ चा 'इंडियन लूनसी ॲक्ट' न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकमावर चालायचा. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा अंमलात यायलाच १९९३ साल उजाडलं. तिन्ही कायद्यांचं लक्ष इस्पितळाच्या फाटकावर होतं: कुणाला आत घ्यायचं, कुणाच्या सहीने, आणि बाहेर केव्हा सोडायचं. फाटकापासून दोनशे किलोमीटरवरच्या माणसाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. वऱ्हाडासाठी ते फाटक नागपूरला होतं. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा २५४० खाटा, ठाणे १८५०, नागपूर ९४० आणि रत्नागिरी ३६५. सगळ्या विदर्भाला, अकरा जिल्ह्यांना मिळून त्यातल्या ९४०. घरातलं माणूस नागपूरला नेलं म्हणजे गावाच्या लेखी ते संपलं, ही समजूत त्याच काळातली. बहिणींची लग्नं मोडतात या भीतीने लोक नागपूरचं नाव काढत नसत, अजूनही काढत नाहीत.

२०१७ च्या कायद्याने रुग्ण हा हक्कदार मानला. उपचार मिळण्याचा हक्क, माणूस म्हणून समाजात राहण्याचा हक्क, आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क, आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क. साखळदंडांना बंदी, भूल न देता शॉक देण्याला बंदी. आरोग्य विम्यात शारीरिक आणि मानसिक आजारांना एकच न्याय. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तो कमालीच्या ताणाखाली होता असं गृहीत धरायचं आणि त्याची काळजी घ्यायची, हेही त्यातच आलं. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंड संहितेतलं जुनं ३०९ कलम त्या रूपात उरलंच नाही. मला या कायद्यातली सर्वांत धीट तरतूद मात्र वेगळीच वाटते. किमान सेवा जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात नसेल, तर रुग्णाने जिल्ह्यातल्या दुसऱ्या दवाखान्यात उपचार घ्यावेत आणि खर्च सरकारने सोसावा. आणि सरकारी सेवा उभी राहीपर्यंत या भरपाईचे नियम सरकारने करावेत. म्हणजे सरकारी खिडकी बंद असेल तर खासगी खिडकीचं बिल सरकारच्या नावावर. ही तरतूद गावात कुणाला ठाऊक आहे? मी तरी अंजनगाव-अकोट पट्ट्यात असं बिल मागितलेला माणूस पाहिलेला नाही.

आणखी एक कलम आहे, ३१. आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे लोकसंख्येच्या प्रमाणात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका दहा वर्षांत उपलब्ध करण्यासाठी सरकारने प्रयत्न करावेत, असं ते सांगतं. कायदा २०१८ मध्ये अंमलात आला. दहा वर्षं २०२८ ला भरतात. देशात लाख लोकांमागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ आहे. निकष म्हणून तीनचा आकडा सांगितला जातो. त्या हिशेबाने एकट्या अंजनगाव तालुक्यात २०२८ पर्यंत चार-पाच मानसोपचारतज्ज्ञ बसायला हवेत. हे वाचून तालुक्यातला कुणीही हसेल, आणि त्याचं हसू चूक नाही. म्हणूनच तज्ज्ञांच्या संख्येपेक्षा मी गोळीच्या मागे लागलो आहे. गोळीला पदवी लागत नाही, तिला साठा आणि वाहतूक लागते.

एका घराचा हिशेब मांडतो. गाव सांगत नाही, अशी घरं गावोगाव आहेत. मुलगा चोविशीचा. रात्री कुणीतरी नाव घेऊन हाका मारतं म्हणायचा, मग जेवण सोडलं, मग आईने दिलेल्या ताटात विष आहे म्हणू लागला. 'बाहेरचं लागलं त्याले' म्हणून आधी अंगारे-धुपारे झाले, सैलानीची वारी झाली, त्यात वर्ष गेलं. शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून शहरात मानसोपचारतज्ज्ञ गाठला. गोळ्या सुरू झाल्या आणि सहा आठवड्यांत पोरगा ओळखू येऊ लागला. अशा आजारात औषध लागू पडतं तेव्हा घरच्यांना ते चमत्कारासारखंच वाटतं. पुढची कथा गोळ्यांची नाही, एसटीची आहे. महिन्यातून एक दिवस शहरात जायचं. आईला एसटीत अर्धं तिकीट, मुलाला पूर्ण. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असतं तर त्यालाही मोठी सवलत मिळाली असती, पण ते काढायलाही पुन्हा शहरच. दोघांची मजुरी बुडते. केसपेपर आधार कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला, गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्यामागे. सोयाबीनची सोंगणी आली, पाठोपाठ कापसाची वेचणी, तेव्हा जाणं झालं नाही. पट्टी संपली. 'आता तर चांगला हाय तो' असं घरात ठरलं. दिवाळीनंतर हाका परत आल्या.

यात अडाणीपणा कुठे आहे? त्या आईचा हिशेब पक्का होता. वेचणीच्या हंगामातली मजुरी वर्षभराची असते. हेच औषध तिच्या गावापासून पाच-दहा किलोमीटरवर, बाजाराच्या दिवशी, भाजी घेता घेता मिळालं असतं तर खंड पडला नसता. रिस्पेरिडोन, फ्लुओक्सेटीन, लिथियम, व्हॅल्प्रोएट, सगळी जुनी, स्वस्त, राष्ट्रीय यादीतली औषधं. एकदा तज्ज्ञाने निदान करून मात्रा ठरवली की पुढच्या बहुतेक महिन्यांत रुग्णाला पाहण्याचं काम प्रशिक्षण घेतलेला वैद्यकीय अधिकारी करू शकतो. लिथियमसारख्या औषधाला अधूनमधून रक्ततपासणी लागते, तेवढी सोय तालुक्याला असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची कल्पना हीच होती. राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ चा. कर्नाटकातल्या बेल्लारीत प्रयोग झाला आणि १९९६ पासून तो जिल्हावार सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात एक चमू, दहा खाटा, आणि तिथून प्राथमिक केंद्रांच्या डॉक्टरांना प्रशिक्षण. कागदावर आजही तसंच आहे. प्रत्यक्षात चमूतली पदं कंत्राटी, एक माणूस गेला की दुसरा येईपर्यंत फिरती बंद, आणि प्रशिक्षण घेतलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याची बदली झाली की त्याच्यासोबत प्रशिक्षणही जातं.

आता वऱ्हाडाच्या खास दुखण्याकडे येऊ. शेतकरी आत्महत्या हा शब्द उच्चारल्याशिवाय अमरावती विभागाबद्दल कुणी लिहीत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात शेतीक्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या आहेत, त्यांतल्या ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातल्या. सरकारचं उत्तर आधी पैशाचं होतं. जानेवारी २००६ चा शासन निर्णय आला, एक लाखाची मदत ठरली; त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. कर्ज, नापिकी, वसुलीचा तगादा हे प्रश्न खरे आहेत, आणि त्यावर पैसा हवा यात वाद नाही. जे लोक शेतकऱ्याच्या मरणाला 'मानसिक आजार' म्हणून बाजारभावाचा विषय गुंडाळतात, त्यांच्या बाजूने मी नाही.

पण त्या शासन निर्णयाच्या अंमलबजावणीत एक गोष्ट घडली, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. मदतीसाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं: जमीन नावावर, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं, तगाद्याचा पुरावा. दारू, आजारपण, घरचं भांडण असं काही पंचनाम्यात आलं की प्रकरण अपात्र होण्याची धास्ती. मागे राहिलेली बायको काय करेल? दोन वर्षं नवरा झोपत नव्हता, पीत होता, गप्प गप्प असायचा, हे ती तलाठ्यासमोर कशाला सांगेल? आणि नवरा हयात असतानाही ते दाराबाहेर जाऊ न देण्याची सवय गावालाही लागत जाते. दुसरीकडे २०१७ च्या कायद्याच्या व्याख्येत दारू आणि इतर व्यसनांशी जोडलेल्या मानसिक अवस्था स्पष्टपणे आजारात मोडतात. म्हणजे एका कायद्याने जो रुग्ण, तोच दुसऱ्या कागदावर अपात्र. दोन्ही कागद एकाच तहसीलच्या आवारात, बहुधा एकाच कपाटात असतात.

पैशापलीकडचं पहिलं मोठं सरकारी पाऊल म्हणजे २०१५ चा प्रेरणा प्रकल्प. मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा, असे चौदा जिल्हे; अमरावती, अकोला त्यात आहेत. आशाताईंनी घरोघरी जाऊन प्रश्नावली भरायची, ताणाखालची माणसं हुडकायची, त्यांना समुपदेशनासाठी पाठवायचं, १०४ क्रमांकावर सल्ला मिळायचा. कल्पना उत्तम. आशाताई गावातलीच, कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे तिला प्रश्नावलीशिवाय कळतं. अडचण अशी की तिच्याकडे आधीच लसीकरण, गरोदर बाया, क्षयरोग, कुष्ठरोग शोधमोहीम आणि हरतऱ्हेची नोंदवही आहे. त्यात हा एक रकाना वाढला. अशा योजनेत वरून विचारलं जातं ते 'किती घरं झाली' हे. 'सापडलेल्या माणसाचं सहा महिन्यांनी काय झालं' हे विचारलं जात नाही. रकाना भरला की काम झालं.

हेच काम नीट केलं तर काय होतं, याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे, आणि तो जगभर वाचला गेला आहे. 'विश्राम' या नावाचा प्रकल्प अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत चालला. मागे संगत ही संस्था आणि टाटा ट्रस्ट्स, संशोधकांत राहुल शिधये, विक्रम पटेल. रचना साधी. गावातला आरोग्य कार्यकर्ता माणसं ओळखतो, पहिला धीर देतो, घरच्यांशी बोलतो. त्यावर प्रशिक्षित समुपदेशक, जो मानसशास्त्रज्ञ नाही पण ठरलेल्या पद्धतीने काही बैठका घेतो. आणि ज्यांना औषध लागेल तेवढेच तज्ज्ञाकडे. निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट सायकिॲट्री या नियतकालिकात आले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं; अठरा महिन्यांनी २७.२ टक्के झालं. नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आलं. गेल्या वर्षभरात जीव द्यावासा वाटला असं सांगणारे ५.२ टक्के होते, ते २.५ टक्के झाले. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावं घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाला देता येणार नाही. एखादं बरं पीकपाणीही मधे येऊन जातं. तरी उपचाराचं प्रमाण सहापट होणं हे पावसाने होत नाही.

या आकड्यांतला माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका आकडा पहिला आहे, ४.३. शंभरांतली जवळपास शहाण्णव माणसं कुणाकडेच गेली नव्हती. आणि दुसरा बोलका आकडा २७.२ हाच. एवढा जीव तोडूनही शंभरांतली त्र्याहत्तर राहिलीच. कायदा हक्क देतो, पण 'मला हा आजार आहे आणि त्याला औषध आहे' हे माणसाला वाटल्याशिवाय हक्क बजावला जात नाही. प्रकल्पाचा पैसा संपतो, संशोधक पुढच्या जिल्ह्यात जातात. गावपातळीवरचा तो कार्यकर्ता कायम सरकारी रचनेत बसवायचा हा धडा राज्याने घेतला असता तर प्रेरणा आणि विश्राम एकमेकांना पूरक ठरले असते. ते समांतर चालले.

देवा-धर्माच्या वाटेबद्दल थोडं. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सर्व जातिधर्मांची माणसं मनोरुग्णांना घेऊन जातात, होळीच्या सुमाराला तर जत्रा भरते. वर मेळघाटात भूमका, म्हणजे तिथला मांत्रिक, आहे. आपल्या तालुक्यातल्याच शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर अंगारे-धुपाऱ्यांवर खराटा चालवला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं आता गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडांत बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्यानंतर कुणाला वेगळा दाखला लागू नये. पण दर्ग्यावर जाणाऱ्या आईला गुन्हेगार ठरवून तिची वाट बदलत नाही. दर्गा रात्री-अपरात्री उघडा असतो, तिथे केसपेपर लागत नाही, आणि कुणी तिला 'मागच्या महिन्यात का नाही आलात' म्हणून झापत नाही. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यावर 'दवा आणि दुवा' या नावाने मानसोपचारतज्ज्ञ आणि मुजावर शेजारी शेजारी बसवले गेले; दुवा घेऊन आलेला माणूस दवाही घेऊन जातो. सैलानीला असं काही कायमचं उभं राहिलं तर त्याचा फायदा बुलढाण्यापेक्षा अमरावती-अकोल्याला जास्त होईल असं मला वाटतं.

रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्णांसाठी कलम १०० आहे. पोलिसांनी त्यांना कोठडीत न ठेवता चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. डॉ. भरत वाटवानी यांच्या कर्जतच्या श्रद्धा संस्थेने अशा हजारो माणसांना घरी पोचवलं, २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना त्यासाठीच मिळाला. आपल्या शेजारी, अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला, शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली दिव्यांग मुलं आपलं नाव देऊन वाढवली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षं पूर्ण झाली की संस्थेतून बाहेर पडायचं हा नियम गतिमंद मुलांना लावू नये, त्यासाठी कायदा करावा, ही त्यांची जुनी मागणी. गतिमंदत्व हा मानसिक आजार नव्हे, त्याला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा लागतो. पण प्रश्न एकच आहे: इस्पितळ नको आणि घर नाही, अशा माणसाने राहायचं कुठे? २०१७ चा कायदा निवारागृहं, अर्धपथगृहं, घरपोच पुनर्वसन अशी सगळी नावं घेतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलं ते असं, की महाराष्ट्राने बरे झालेले रुग्ण मनोरुग्णालयांतून काढून भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले होते. न्यायालयाने ते थांबवायला सांगितलं. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या बैठका होत नाहीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयालाही सरकारला खडसवावं लागलं. जे प्राधिकरण बसतच नाही, ते तालुक्याला गोळ्या पोचल्या का हे विचारणार केव्हा?

बाहेरचं जगही यात फारसं पुढे आहे असं समजायला नको. अमेरिकेत १९६३ मध्ये केनेडींनी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कायद्यावर सही केली, मोठी इस्पितळं ओस पडली, केंद्रं मात्र ठरली तेवढी बांधलीच गेली नाहीत, आणि पुष्कळ रुग्ण पदपथावर नाहीतर तुरुंगात गेले. इटलीने १९७८ च्या कायद्याने मनोरुग्णालयांत नवी भरती बंद केली. ज्या भागांनी आधी वस्तीत सेवा उभी केली तिथे ते जमलं, बाकीच्यांनी भोगलं. आपल्याला शिकायला त्याहून जवळचं ठिकाण आहे. कर्नाटकने २०१४ पासून मनोचैतन्य कार्यक्रम सुरू केला: ठरलेल्या मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याच्या रुग्णालयात बसतो. वार ठरलेला असला की लोकांना लक्षात राहतो, बाजारासारखा. अंजनगावला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. तज्ज्ञ नसेल त्या दिवशी दूरभाषवरून तो मिळू शकतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेला टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो, दिवसरात्र चालतो, मन फार जड झालं असेल त्याने तो जरूर लावावा. पण फोनमधून गोळ्यांची पट्टी येत नाही.

मग राज्याने काय करावं? नवा कायदा करावा असं म्हणणारे आहेत. घटनेच्या समवर्ती सूचीत हा विषय १६ व्या क्रमांकावर असल्याने राज्याला तो करताही येईल. मला त्याची गरज वाटत नाही. एक कायदा पुरेसा आहे, त्याला दात नाहीत. आणि दात महाराष्ट्राकडेच, दुसऱ्या कायद्यात पडून आहेत. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. जातीचा दाखला, रहिवासी दाखला, सातबारा ज्या कायद्याने मुदतीत द्यावा लागतो, तो हा. सेवा अधिसूचित झाली की तिला मुदत असते, जबाबदार अधिकारी असतो, पहिलं अपील, दुसरं अपील, वर आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. ग्रामीण रुग्णालयात मानसिक आजाराचं यादीतलं औषध चालू रुग्णाला त्याच दिवशी मिळणं, साठा नसेल तर आठ दिवसांत खासगी दुकानातल्या खरेदीची भरपाई मिळणं, आणि चाळीस टक्क्यांचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र तालुक्याच्या शिबिरात ठरल्या मुदतीत मिळणं, या तीन सेवा अधिसूचित करायला विधिमंडळात जावं लागत नाही. एक अधिसूचना पुरते.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. दंड औषधनिर्मात्याला होईल, साठा न पाठवणारा वर सुखरूप बसेल. म्हणून जबाबदार अधिकारी खिडकीतला माणूस नसावा, जिल्हा शल्यचिकित्सक असावा, आणि साठा किती दिवस संपलेला होता हे दर महिन्याला रुग्ण कल्याण समितीसमोर लेखी यावं. दुसरा आक्षेप: अपील करायला रुग्णाला आपला आजार चव्हाट्यावर मांडावा लागेल. सातबाऱ्यासाठी भांडणारा माणूस फ्लुओक्सेटीनसाठी भांडेलच असं नाही. तेव्हा अपिलाचा हक्क आशाताईला, किंवा रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला हवा, आणि अर्जावर आजाराचं नाव नको, केसपेपरचा क्रमांक पुरे. नेमलेल्या प्रतिनिधीची तरतूद २०१७ च्या कायद्यात आहेच. साध्या कागदावर लिहून सही केली की झालं. अंजनगावच्या तहसीलीसमोर अर्ज लिहून देणारे बसतात. त्यांनी एकदा हा नमुना पाठ केला, तर तालुक्यात पहिलं अपील दाखल व्हायला फार दिवस लागणार नाहीत.